समज देऊनही वादन चालूच

जगातल्या प्रत्येक भक्कम गोष्टीचा पाया अदृश्य असतो, आणि संगीतात हा पाया म्हणजे बास गिटार, असं माझं पूर्ण विचारांती बनलेलं मत आहे. इमारत बघायला आलेला माणूस गच्चीचं कौतुक करतो, खिडक्यांचं करतो. पाया कसा आहे हो, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर इमारत पडल्यावर विचारतात. गेली पंचवीस वर्षं मी एका रॉक बँडचा पाया आहे. बँड अजून पडलेला नाही, त्यामुळे मला अद्याप कुणी काही विचारलेलं नाही.

उपेक्षा झाली असं मी म्हणणार नाही. उपेक्षा व्हायला आधी माणूस लक्षात यावा लागतो. बँडच्या प्रत्येक फोटोत माझं डोकं ड्रमरच्या मोठ्या झांजेमागे आहे. एका फोटोत माझं कोपर स्पष्ट आलं आहे. तो आम्ही फ्रेम करून हॉलमध्ये लावला आहे. कार्यक्रमाच्या ठिकाणी मी गिटार घेऊन दारात उभा राहिलो की व्यवस्थापक म्हणतात, "ते तिकडे कोपऱ्यात ठेवा आणि कलाकार कधी येणार तेवढं सांगा." माझे मामेसासरे दर भेटीत बासच्या चार तारा मोजतात आणि विचारतात, "अजून दोन बसवल्या नाहीत का?" आधी मी समजावून सांगायचो. आता "बघू, पुढच्या महिन्यात" म्हणतो.

पोटापाण्यासाठी मी एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. खोटा दावा ओळखणं हा माझा व्यवसाय आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ते मधल्या काळात विसरलो होतो.

आमचा गायक दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर तो इतरांना तोंड उघडायला लावतो आणि संध्याकाळी स्वतः उघडतो. शेवटचा पेशंट गेला की त्याच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आमचा सराव चालतो. बँडच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमाची आखणी तिथेच चालली होती. लीड गिटारवाल्याला एकट्याने वाजवायचे चार सोलो, ड्रमरला दोन, आणि गायकाला सोलोची गरज नव्हती, कारण तो दुसऱ्याच्या सोलोतही गातो. मी घसा खाकरला.

"मला एक सोलो हवाय."

ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या. लीडने मागे वळून बघितलं, की हे कोण बोललं.

"अर्ध्या मिनिटाचा," मी घाईने म्हणालो.

"अरे, पण तेवढ्यात लोक चहाला उठतील ना," गायक म्हणाला.

"तुझ्या वरच्या सुरातही उठतात."

"ते भारावून उठतात." त्याने शेल्फवरच्या प्लास्टरच्या जबड्याकडे बोट दाखवलं. "हे बघ, भावनेचा प्रश्न नाही. हा जबडा बघ. ड्रम वाजला की याची दाढ हलते. मी गायलो की अख्खा जबडा हलतो. तू वाजवलंस की काय होतं? ढिम्म! अरे, तू वाजवतोस की नुसता उभा असतोस, हे आम्हालाच कळत नाही, तर लोकांना काय कळणार? एक काम कर. एक माणूस आण. एकच. जो शपथेवर सांगेल, की मला बास ऐकू आला. सोलो तुझा."

सगळे हसले. लीड जरा जास्तच हसला. पंचवीस वर्षांनंतर चार मित्रांत माझी किंमत एका साक्षीदारावर येऊन ठेपली होती, आणि तो साक्षीदार कुठून आणायचा याचा विचार करत मी घरी आलो.

माझा घरचा सराव संध्याकाळी सात वाजता बेडरूममध्ये असतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी झालेल्या तहानुसार मी हेडफोन लावून वाजवतो. वायर हेडफोनला जाते, आवाज माझ्या कानात जातो, आणि खोलीत फक्त तारेची टिकटिक ऐकू येते. घरात पाल चुकचुकली तर आमच्याकडे पाहुणे आधी माझ्याकडे बघतात, इतकंच.

त्या आठवड्यात मी सोलो रचायला घेतला. अतिशय वेगवान, बोटांची परीक्षा बघणारा. असाच एक दिवस वाजवत असताना बायकोने माझ्या खांद्याला हलवलं. दारात खालचे काका उभे होते. काका वजनमापं खात्यातून निवृत्त झालेत आणि दुनिया मापात राहत नाही याचा त्यांना अजून राग आहे.

"बंद करा ते!" काका म्हणाले.

"काय?"

"काय म्हणजे? तुमचं ते संगीत! रोज सात वाजले की सुरू. मी काही बहिरा नाही. सगळं ऐकू येतं मला."

मी गळ्यातले हेडफोन काढून पाठीमागे धरले. का धरले, ते आजही सांगता येणार नाही.

"काका, आत या ना. नक्की काय ऐकू येतं?"

काकांनी आमच्या दाराच्या चौकटीवर मूठ आपटली. "धुम्, धुम्... धक्! धुम्, धुम्... धक्! तासभर!"

"आणि कसं वाटतं?"

"कसं वाटतं? छातीत बसतं माझ्या!"

पंचवीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते वाक्य एक संतापलेला माणूस पायजम्यात उभा राहून म्हणत होता. मला भरून आलं.

"हे लिहून द्याल?" मी विचारलं.

"देणारच आहे! सेक्रेटरीकडे लेखी तक्रार देणार आहे!" असं म्हणून काका गेले.

दार लावून बायकोने कमरेवर हात ठेवले. "अहो, तुम्ही तर हेडफोन लावून वाजवता."

"माहीत आहे मला."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"म्हातारा माणूस आहे. उगाच कशाला दुखवायचं?"

आता मला काही भ्रम झाला नव्हता. माझा आवाज जात नाही हे मला ठाऊक होतं. फक्त मग जातो तो कुणाचा, हे ठाऊक नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी कळलं. ऑफिसातून यायला उशीर झाला, सात वाजून गेले होते, आणि जिन्याखालच्या पंपाच्या खोलीपाशी मी थबकलो. आतून आवाज येत होता. धुम्, धुम्... धक्. पाण्याचा पंप! त्याचं बेअरिंग गेलं होतं. तिथून निघालेला पाइप काकांच्या बेडरूमच्या भिंतीतून वर चढतो, त्यामुळे त्यांना तो आवाज छतातून, म्हणजे माझ्याकडून, आल्यासारखा वाटत होता.

प्रामाणिक माणसाने काय केलं असतं? वर जाऊन सांगितलं असतं. मी वर गेलोही. काकांच्या दारापाशी उभाही राहिलो. पण सांगितलं असतं तर साक्षीदार पंपाचा झाला असता. मी घंटी न वाजवता घरी गेलो, हेडफोन लावले आणि काकांच्या समाधानासाठी जरा जोरात वाजवलं.

आमच्या सेक्रेटरींना पत्रव्यवहाराची आवड आहे. तक्रार हातात पडताच ते सद्गदित झाले आणि त्यांनी ती थेट नगरपालिकेला पाठवली. महिनाभरात मला बोलावणं आलं. खिडकीमागचे साहेब चष्मा वर करून म्हणाले, "वाद्य आहे की यंत्र?"

"वाद्य."

"विजेवर चालतं?"

"हो."

"मग यंत्र. अश्वशक्ती किती?"

"साहेब, गिटार आहे ती."

"गिटार असो, विमान असो. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मी बराच विचार करून "एक" म्हणालो. फार मोठा आकडा सांगणं मला प्रशस्त वाटलं नाही. साहेबांनी माझी नोंद 'पंप, जनरेटर व इतर' या सदरात केली. माझ्या अंगावर काटा आला; शासनाला सगळं ठाऊक असतं म्हणतात ते खोटं नाही. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "एक अश्वशक्ती ठीक आहे. पण त्यांनी घोडा बघितलाय का?"

मग तपासनीस आले, आवाज मोजायचं यंत्र घेऊन. ठरलं असं, की ते काकांच्या बेडरूममध्ये यंत्र लावून बसतील, फोनवर सांगतील तेव्हा मी वर वाजवायचं. या वेळी हेडफोन लावून भागण्यासारखं नव्हतं. मी माळ्यावरचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, काढला, धूळ पुसली, गिटार जोडली. नियम म्हणजे नियम. निदान तपासणीच्या दिवशी तरी आवाज माझाच असावा, अशी माझी प्रामाणिक इच्छा होती.

"वाजवा," फोनमधून तपासनीस म्हणाले.

मी पहिला सूर छेडला. ॲम्पमधून 'फट्' झालं, थोडा धूर आला आणि तो कायमचा गप्प बसला. त्याच क्षणी घड्याळात सात वाजले.

"वा, वा," फोनमधून आवाज आला. "अगदी स्पष्ट. जरा वाढवता येईल?"

"हो," मी म्हणालो आणि हाताची घडी घालून उभा राहिलो.

"हं, वाढला! झालं मोजून. थांबवा आता."

मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. थांबवायचं कसं? पंप सातला आपोआप सुरू होतो, त्याच्या खोलीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी काकांच्या पलंगावर बसून चहा पीत होते.

"अहो, थांबवा म्हटलं ना!"

"हो, हो, थांबवतोच," मी म्हणालो. खाली धुम्, धुम्, धक्.

"मी सरकारी माणूस आहे! शेवटचं सांगतोय!"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, ते नाही थांबायचे," ती शांतपणे म्हणाली. "एकदा बसले की घरच्यांचंसुद्धा ऐकत नाहीत. कलाकार आहेत."

पंचवीस वर्षांच्या संसारात तिने मला कलाकार म्हटल्याची ही पहिली वेळ. आठवड्याने नोटीस आली. त्यात खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'समज देऊनही वादन चालूच ठेवले.'

ती नोटीस मी दवाखान्यात नेली आणि जबड्याशेजारी ठेवली. गायकाने वाचली. ड्रमरने वाचली. लीडने दोनदा वाचली आणि त्याचा चेहरा पडला. रॉक बँड म्हटला की थोडीफार बंडखोरी अपेक्षित असते. आमच्या बँडची आजवरची सगळ्यात मोठी बंडखोरी म्हणजे ड्रमरने एकदा दुचाकी चुकीच्या जागी लावली होती, तीही हलवली.

"समज देऊनही?" गायक हळू आवाजात म्हणाला.

"देऊनही," मी म्हणालो.

"साक्षीदार आहे?"

"खालचे काका. सेक्रेटरी. शिवाय शासन."

त्याने उठून मला मिठी मारली. सोलो मिळाला. इतकंच नव्हे, तर आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना पुढच्या दोन रांगांत बसवायचं आणि स्टेजवरून नोटीस वाचून दाखवायची, असंही त्याने परस्पर ठरवून टाकलं. मी नको म्हणत होतो. पण माझं न ऐकण्याची त्याला पंचवीस वर्षांची सवय.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग पंपाने पाणी चढवणं कमी केलं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या नळाला बाराखडी गिरवल्यासारखा एकेक थेंब येऊ लागला. सेक्रेटरींनी पंपवाल्याला बोलावलं. हा पंपवाला 'उद्या येतो' या दोन शब्दांवर प्रपंच चालवणारा माणूस. पण नशीब बघा, या वेळी तो त्याच दिवशी, पिशवी घेऊन हजर झाला. कार्यक्रमाला चार दिवस राहिले होते. पंप दुरुस्त झाला असता तर काकांच्या छताचा आवाज बंद झाला असता, मी मात्र वर वाजवतच असतो, आणि वजनमापं खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला एवढी वजाबाकी नक्की जमली असती. मी त्याला जिन्यातच गाठलं.

"आज नको," मी म्हणालो. "सोमवारी या."

पंपवाल्याने पिशवी खाली ठेवली. "काय म्हणालात?"

"सोमवारी या. घाई नाही."

"साहेब, वीस वर्षं हा धंदा करतोय," तो म्हणाला. "असं मला कुणी कधी म्हटलं नाही." जाताना त्याने तीनदा वळून बघितलं.

राहिला प्रश्न वहिनींच्या पाण्याचा. सदसद्विवेकबुद्धी नावाची गोष्ट मला थोडी उशिरा येते, पण येते. पुढचे चार दिवस मी खालच्या टाकीतून बादल्या भरून चौथ्या मजल्यावर नेल्या. वहिनींना वाटलं, किती हा शेजारधर्म. "भाऊजी, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो," त्या म्हणायच्या, "आणि ही दुसरी बादली जरा मोरीत ओता, आणि येताना तिसरी अर्धीच नका आणू." जिन्यात भेटणारा प्रत्येक जण सल्ला द्यायचा. एकाने सांगितलं, ओझं कमरेवर न घेता गुडघ्यावर घ्यावं. दुसऱ्याने सांगितलं, गुडघ्यावर मुळीच घेऊ नये. काका दारात उभे राहून बादल्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, "तीन लिटर कमी आहे."

कार्यक्रमाच्या दुपारी मी गिटार हातात घेतली आणि ओरडलो. बादलीच्या कडीने उजव्या हाताच्या दोन्ही वाजवत्या बोटांना फोड आले होते. डाव्या हाताचं सांगत नाही. तो वेगवान, बोटांची परीक्षा बघणारा सोलो माझ्या बोटांनी परीक्षेला बसण्याआधीच सोडून दिला होता.

"रद्द करा," बायको फोडांना मलम लावत म्हणाली.

"पंचवीस वर्षांनी?"

तिने मलमाची डबी पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "चला."

सभागृह भरलं होतं. पुढच्या दोन रांगांत आमची इमारत: सेक्रेटरी, वहिनी, काका, मध्ये माझी बायको. गाणी झाली. लीडचे चारही सोलो झाले. चौथ्यात वहिनींनी जांभई दिलेली मी स्पष्ट पाहिली. मग गायक माइकपाशी आला आणि त्याने नोटीस वाचली. 'समज देऊनही' यावर लोकांनी शिट्ट्या मारल्या. 'वादन चालूच ठेवले' यावर मागचे प्रेक्षक उभे राहिले. "ज्याला नगरपालिका थांबवू शकली नाही," गायक गरजला, "तो आमचा बास!" आणि आयुष्यात पहिल्यांदा दिव्याचा झोत माझ्या तोंडावर पडला. तो फार गरम असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाकीचे थांबले. आता अर्धं मिनिट माझं होतं.

रचलेल्या सोलोचा पहिला सूर मी छेडला आणि बोटातून कळ गेली. दुसरा छेडता येईना. मागच्या रांगेत दोघे जण उठले, बहुधा चहाला. लीडच्या ओठांच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं. काहीतरी वाजवायला हवं होतं. सोपं, संथ, अंगठ्याने वाजेल असं. डोकं पार रिकामं होतं. चार दिवस खालच्या टाकीपाशी बादल्या भरताना कानावर पडलेली एकच गोष्ट त्यात उरली होती.

धुम्, धुम्... धक्.

अंगठ्याने दोन, तळव्याने एक. धुम्, धुम्... धक्. मी डोळे मिटले. दवाखान्यातला जबडा नक्की हलला असता. चहाला निघालेले दोघे रांगेतच थांबले. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक आवाज आला.

"हेच!" काका उभे राहून ओरडत होते. "हेच ते! रोज सातला! मी सांगत होतो की नाही?"

सेक्रेटरी उभे राहिले. "बरोबर! हेच मोजलं होतं!" वहिनींनी पायाने ठेका धरला. आमची इमारत धुम् धुम् करू लागली, मग पाचवी रांग, मग सगळं सभागृह, आणि धक्‌ला सगळे मिळून खुर्चीच्या हातावर थाप मारू लागले. ड्रमरला राहवेना, त्याने साथ धरली. गायकाने गायला तोंड उघडलं होतं; त्याने ते मिटलं. अर्ध्या मिनिटाची तीन मिनिटं झाली. बायको हसत होती, आणि हसता हसता तिने मलमाची डबी वर करून दाखवली.

नंतर काका स्टेजमागे आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "चांगलं झालं. घरी जास्त बरं वाजतं, पण चांगलं झालं." तक्रार मागे घेतो म्हणाले. वर, त्या आवाजाशिवाय आता आपल्याला संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही, असंही म्हणाले. गायक दहा जणांना सांगत होता की ही चीज त्यानेच मला शोधून दिली. लीडने माझी गिटार गाडीपर्यंत उचलून नेली. वाटेत त्याने हळूच विचारलं, "अरे, ते धक्‌च्या आधी जरासं थांबतोस ना, ते कसं जमवतोस? मला मोजताच येईना."

"ते मोजायचं नसतं," मी म्हणालो. "आतून यावं लागतं."

पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरली आहे. माझा सोलो पाच मिनिटांचा आहे, आणि जाहिरातीत माझा फोटो सगळ्यांच्या पुढे, कोपरासकट आहे. सोमवारी सांगितल्याप्रमाणे पंपवाला आला आणि त्याने बेअरिंग बदललं. पंपाचा आता आवाज येत नाही. रोज सातला काकांची संध्याकाळ करायला आता मलाच, हेडफोन काढून, वाजवावं लागणार.